पुलीची साक्ष

मुलांनो, परवा फोनवर धाकट्याने सांगितलं की रविवारी घरच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःच गाडीच्या इंजिनाचा पट्टा बदलला, आणि पट्ट्याबरोबर दोन पुल्याही. तुमच्या गाड्यांत म्हणे आता एकच लांब पट्टा सगळ्या पुल्यांना वळसे घेत जातो. तो कुठून कसा न्यायचा याचं चित्र बॉनेटच्या आत चिकटवलेलं असतं. मी मधेच विचारलं, "पुलीची कड हाताने चाचपून पाहिलीस का?" तर तो "काय?" म्हणाला. आजीला पुली कशी माहीत, असं त्याला वाटलं असणार. मला पुली चांगली माहीत आहे. मी एका पुलीचा पंचनामा लिहिलेला आहे.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि एका निवृत्त वकिलांच्या घरी दोन खोल्या घेऊन राहत होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांची नातवंडं-पतवंडं तिकडे आहेत. मी त्यांना काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. काका मूळचे अकोटकडच्या शेतकरी घरातले. कोर्टात त्यांचं इंग्रजी ऐकायला तरुण वकील येऊन बसत, असं मी ऐकलं होतं. घरी मात्र ते शुद्ध वऱ्हाडी बोलत. "इंग्रजी कोर्टाची, वऱ्हाडी घरची. दोन्हीची भेळ कराची नाई," असं त्यांचं म्हणणं.

वकिली सोडल्यावर त्यांनी एक जुनी विलायती मोटार घेतली. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी होती. तिच्यासोबत त्याच जातीची एक मोडकी मोटारही घेतली, सुट्या भागांसाठी. ती गोठ्यात पडून असे आणि तिच्यावर कोंबड्या बसत. चालत्या मोटारीला त्यांनी कुठल्या मिस्त्रीचा हात कधी लागू दिला नाही. "म्या तीस वर्षं मान्सायचं खोटं ऐकलं," ते म्हणत. "आता लोखंडाचं ऐकतो. लोखंड खोटं बोलत नाई."

गाडी बंद पडली, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. गाडी 'तहकूब' व्हायची. एकदा भर बाजारात ती तहकूब झाली तेव्हा काकू आत बसलेल्या होत्या. त्या उतरल्या, मेथीची जुडी पदराखाली घेतली आणि चालत घरी आल्या. दुसऱ्यांदा बसल्या तेव्हाही चालतच आल्या. तिसऱ्यांदा त्या बसल्याच नव्हत्या.

गाडी उघडायची तर काकांकडे त्याची रीत होती. आधी कोर्टातला काळा कोट अंगावर चढायचा. खाली धोतर, वर कोट, आणि कोटाच्या बाह्या ग्रीसने आणखी काळ्या झालेल्या. एप्रिल-मेच्या उन्हातही कोट सुटत नसे. मग दोन पंच लागत. पंचांशिवाय बॉनेट उघडणं त्यांच्या लेखी बेकायदा होतं. एक पंच काकू. दुसरा पंच मी, शिवाय माझं अक्षर बरं म्हणून कारकूनही मीच. लांब कापडी बांधणीची एक वही होती. तिच्यात काका सांगत आणि मी लिहीत असे: "आम्ही खाली सही करणार पंच, आज रोजी सकाळी साडेसात वाजता, अंगणातील कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या मोटारीपाशी हजर असता..."

काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट वेगळ्या वाटीत जायचा. वाटीखाली चिठ्ठी: निशाणी एक, निशाणी दोन. वाट्या अर्थात काकूंच्या. रविवारी जेवायला बसलं की वरण पेल्यातून यायचं.

"वाट्या कुठं गेल्या?" एकदा मी नवखेपणाने विचारलं.

"वाट्या कोर्टात हायेत," काकू म्हणाल्या. "सुटल्या का येतीन."

या कामात काका मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणत. वही मिटली की मी पुन्हा 'पोरी' आणि 'तू'. एकदा वही उघडी असताना मला शिंक आली, तर म्हणाले, "बाई, तुमाले सर्दी झाली काय?" आणि वही मिटल्यावर, "पोरी, गरम पानी पी."

त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे आयुष्यभर उपयोगी पडली. मी एकदा लिहिलं, 'पट्टा जुना झाला आहे.' त्यांनी ते वाक्य खोडायला लावलं.

"जुना हाय हे तुमाले कोनं सांगतलं? पट्ट्यानं?"

"दिसतोय ना, काका."

"काय दिसते ते लिवा. भेगा दिसतात? मोजा."

मी मोजल्या. एकवीस होत्या. मग लिहिलं, 'पट्ट्याच्या आतील बाजूस एकवीस भेगा.' काका खूश झाले. "आता हे कोर्टात टिकते," म्हणाले. पंचाने मत द्यायचं नाही, पाहिलं तेवढंच सांगायचं. मी पुढे मुलींचे निबंध तपासायला बसले की 'सुंदर देखावा' खोडून 'काय दिसलं?' असं समासात लिहीत असे. मुली माझ्यावर फार चिडायच्या.

आता त्या रविवारचं सांगते.

शाळेतली माझी नोकरी रजेच्या जागेवरची होती. एप्रिलअखेर ती संपणार होती. त्यानंतर मला धामणगावला वडिलांकडे जावं लागलं असतं. वडील वाईट नव्हते, पण मुलीने एम.ए. केलं, दोन वर्षं नोकरी केली, आता पुरे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि पत्रातून तसं कळवलंही होतं. मला ते पुरे नव्हतं. अकोल्याच्या एका कॉलेजात इंग्रजीची जागा निघाली, मी अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता. कायमची जागा होती. अशी दुसरी जागा जवळपास कुठे नव्हती.

अमरावतीहून अकोला साठेक मैल. पहिली एसटी थांबत थांबत बाराच्या सुमाराला पोचायची. रेल्वेची एकच गाडी वेळेआधी पोचत होती, पण ती रात्री दोनला अकोल्याच्या फलाटावर उतरवायची. आदल्या दिवशी जावं तर तिथे माझं ओळखीचं कोणी नव्हतं आणि एकट्या मुलीला लॉजवर खोली कोणी देत नसे. काका म्हणाले, "कायले पंचाईत? मी सोडतो."

मी हो म्हटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

शनिवारी संध्याकाळी काका पेट्रोल भरून परत येत असताना घराच्या कोपऱ्यावर पट्टा तुटला. त्या काळच्या गाडीत हा पट्टा आखूडच असे. इंजिनाची पुली, डायनामोची पुली आणि पंख्यामागची पुली, एवढ्या तिघींवरून तो फिरायचा. तो तुटला की पंखा थांबतो, रेडिएटरचं पाणी उकळतं आणि मैल-दोन मैलांत गाडी उभी राहते. आम्ही ती ढकलत अंगणात आणली. काका मुळीच काळजीत नव्हते. कपाटात नवा पट्टा होता.

रविवारी सकाळी कोर्ट बसलं. कोट, वही, वाट्या. काकूंनी हातातलं काम आणलं होतं. त्या देवाच्या वाती वळत होत्या, मांडीवर कापूस होता. काकांनी तुटलेला पट्टा उचलून धरला.

"हा आरोपी. आठ दिवस झाले लावून, अन् तुटला. रबरच बदमाश हाय. लिवा, बाई."

मी पट्टा हातात घेतला आणि पाहिलं तसं लिहिलं: 'पट्ट्याची पंख्याकडील कड झिजून दोरे बाहेर आलेले.' लिहिता लिहिता हात थांबला. हे वाक्य मी आधीही लिहिलं होतं.

काका डायनामोचा बोल्ट सैल करत होते. मी वहीची पानं मागे चाळली. आधीच्या पट्ट्याचा पंचनामा माझ्याच अक्षरात होता: पंख्याकडील कड झिजलेली, दोरे बाहेर. त्याच्या आधीचा काकांच्या अक्षरात, मी गावी गेले होते तेव्हाचा: पंख्याकडील कड झिजलेली. तीन पट्टे, तीन वेगळ्या दुकानांतले. एक अमरावतीचा, एक नागपूरचा, एक अकोल्याचा. पहिला आठ महिने चालला होता, दुसरा दोन महिने आणि तिसरा आठ दिवस.

मी हिशेब पुढे नेला. हा चौथा पट्टा साठ मैल चालेल का?

पण बोलायचं कसं? काका मला सोडणार होते, फुकट, आणि आनंदाने. त्यांच्या कामात त्यांची चूक दाखवलेली त्यांना खपत नसे. एका जुन्या पक्षकाराने एकदा 'प्लग बदला' एवढं सुचवलं, तर काकांनी त्याला चहा न देता वाटेला लावलं होतं. त्यांचा कोट परत कपाटात गेला असता, तर मी सोमवारी अकरा वाजता अमरावतीतच असते. नवा पट्टा त्यांच्या हातात होता. आणखी दोन मिनिटांत तो चढला असता.

"काका," मी म्हटलं, "आरोपी हा नसावा."

त्यांनी वर पाहिलं. "बाई, पंचानं मत द्याचं नाई."

"मत देत नाही. वाचून दाखवते."

आणि मी तिन्ही पंचनामे वाचले, फक्त ती ती वाक्यं. काका पाना हातात धरून उभे होते. मी पुढे म्हटलं, "प्रत्येक पंचनाम्यात पंख्याची पुली हजर आहे, काका. पण तुम्ही तिला कायम साक्षीदार धरलंत. तिची तपासणी एकदाही झालेली नाही."

 काकू म्हणाल्या, "वाचून काय होते? पाहून घ्या ना."

त्या उठल्या, मांडीवरच्या कापसाचा एक बोळा बोटात धरला आणि वाकून पंख्यामागच्या पुलीच्या खाचेत, कडेकडेने फिरवला. आमच्याकडच्या बायका देवाची समई विकत घेताना असंच करतात; कुठे कंगोरा राहिला असेल तर कापूस अडकतो, डोळ्यांना दिसला नाही तरी. पुलीच्या मागच्या कडेवरून बोळा न अडकता फिरला. पुढच्या, पंख्याकडच्या कडेवरून अर्धा फिरला आणि एका ठिकाणी पांढरे तंतू ताणून उभे राहिले. काकूंनी बोळा तिथेच ठेवला आणि बाजूला झाल्या.

काकांनी चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिलं. पुलीची कड तिथे आत वळून तिला दाताएवढी टोकेरी खोक पडली होती.

"हे कवा झालं?" ते स्वतःशीच म्हणाले.

तेही वहीत होतं. पहिल्याच पानावर, काकांच्या वळणदार अक्षरात. मला ते वाचायचं नव्हतं. पण काकू म्हणाल्या, "वाच ना, पोरी, थांबली काहून?" आणि मी वाचलं: "पंख्याची पुली जाम झाल्याने मी तिला हातोडीचे दोन ठोके दिले. पुली निघाली."

कडुनिंबावर कावळा ओरडत होता. काकांनी पाना खाली ठेवला. कोट काढला, झाडाच्या खुंटीला अडकवला आणि आत निघून गेले.

"आता?" मी काकूंना हळूच विचारलं.

"आता काय. बसू दे त्याइले," काकू म्हणाल्या. "तीस वर्षात एवढा साफ पुरावा कोनी आनला नसन त्याइच्या समोर."

मी वही मांडीवर धरून बसून राहिले. बोलले नसते तर निदान मूर्तिजापूरपर्यंत तरी गेले असते, असं मनात येत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी काका बाहेर आले. डोळे धुतलेले, कोट नाही, बाह्या सरसावलेल्या. मोटारीपाशी येऊन सरळ उभे राहिले.

"लिवा, बाई. आरोपी हजर. आरोपीले गुन्हा कबूल. तिन्ही पट्टे निर्दोष."

मी लिहिलं. काकूंनी ओठ घट्ट मिटले होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"शिक्षा?" त्यांनी विचारलं.

"शिक्षा मंग पाहू. पयले पुली पाह्यजे."

रविवारी दुकानं बंद. गोठ्यातल्या मोडक्या मोटारीकडे मी पाहिलं, तर तिच्या पंख्यामागे पुलीच नव्हती. काका माझ्याकडे न पाहता विहिरीकडे पाहत होते. विहिरीच्या आडव्या दांडीवर गडगडी म्हणून जी होती, ती तीच पुली. लाकडी गडगडी मोडली तेव्हा काकांनीच ती तिथे बसवली होती आणि काकू तिच्यावरून दोन वर्षं रोज पाणी शेंदत होत्या.

"गडगडी देनार नाई," काकू म्हणाल्या.

"एका दिवसासाठी—"

"अन् पानी? हातानं वढू?"

"मी वढतो."

"आजचं?"

"आजचं, उद्याचं. लाकडाची येईपर्यंत रोजचं." ते थोडं थांबले. "शिक्षा म्हणून लिवून घ्या."

काकूंनी विचार केला. "अन् उद्या मी बी येतो अकोल्याले. पोरगी एकटी काहून जाईन?"

एवढं ठरल्यावर काम सरसर झालं. पुली रॉकेलने धुतली, गंज पॉलिश कागदाने घासला आणि काकूंनी कापसाचा बोळा दोन्ही कडांवरून फिरवून तिला पास केलं. दोरीने घासून घासून तिची खाच आरशासारखी गुळगुळीत झाली होती. पंख्याचे चार बोल्ट चार वाट्यांतून परत गेले. या वेळी हातोडी गोठ्यातच राहिली. नवा पट्टा आधी खालच्या पुलीवर, मग डायनामोवर, शेवटी पंख्यावर चढवला. पट्टा ताणायला डायनामो बाहेर ओढून धरावा लागतो. त्यासाठी काकूंचं मुसळ तरफेसारखं लावलं आणि मी त्यावर जोर देऊन उभी राहिले, तोवर काकांनी बोल्ट आवळला. मग माझी शाळेची फूटपट्टी लावून त्यांनी अंगठ्याने पट्टा दाबला. अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. अर्धाच दबला. हँडल मारल्यावर इंजिन सुरू झालं आणि पट्टा एका रेषेत, न डोलता फिरत राहिला. आम्ही तिघं तो कितीतरी वेळ पाहत होतो.

संध्याकाळी काकांनी तीस बादल्या पाणी हाताने शेंदलं. मी मोजल्या.

सोमवारी सकाळी सातला निघालो. काका पुढे, काकू आणि मी मागे, काकूंच्या मांडीवर पाण्याची कळशी. रस्ता मोकळा होता. काका एकदाही थांबले नाहीत, ताशी पस्तीस मैलांनी गाडी नेली, आणि नऊ वाजता आम्ही कॉलेजच्या फाटकासमोर होतो. काकूंनी माझी साडी सारखी केली, माझ्या नखांतलं ग्रीस आपल्या पदराने पुसलं. पुरतं निघालं नाही.

मुलाखतीचं फारसं सांगत नाही. पाच गृहस्थ होते, त्यांतल्या दोघांनी प्रश्न विचारले. एकाने एक कविता वाचायला दिली आणि ती कशी आहे ते सांगा म्हणाला. मी कशी आहे ते सांगितलं नाही. तिच्यात काय आहे ते ओळीओळीने सांगितलं. दुपारी एकला प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की पंधरा जूनला रुजू व्हा.

मी बाहेर आले. काकू फाटकाजवळच्या झाडाखाली पोतं अंथरून बसल्या होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच डब्यातली साखर काढली. काका गाडीच्या मडगार्डला टेकून उभे होते. "झालं?" त्यांनी विचारलं. मी "झालं" म्हटलं. "बरं झालं," म्हणाले आणि रेडिएटरमध्ये पाणी घालायला लागले, जे भरलेलंच होतं.

ऊन उतरल्यावर, चारनंतर, परत निघालो. बोरगावच्या अलीकडे काकांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पट्टा पाहिला, बंद केलं. मूर्तिजापूरच्या आधी पुन्हा तेच. मूर्तिजापूर सोडल्यावर पुन्हा. काकू म्हणाल्या, "अवो, सकाळी तर सुसाट आले. आता काय झालं?"

"नवा पट्टा हाय. पाहा लागते."

चौथ्यांदा गाडी थांबली ती बडनेऱ्याच्या बाहेर, एका शेताच्या बांधापाशी. काकांनी बॉनेट उघडलं. मी पाणी लागेल म्हणून कळशी घेऊन उतरले. ते आत पाहत नव्हते. नांगरून ठेवलेल्या काळ्या वावराकडे पाहत होते. वही घरी होती.

"पंधरा जून म्हणाले?"

"हो, काका."

"म्हंजे दीड महिना हाय अजून."

"हो."

त्यांनी मान हलवली. पट्ट्यावर अंगठा ठेवला, दाबला नाही, आणि बॉनेट हलक्या हाताने खाली घेतलं.

"बस, पोरी," म्हणाले.

तिथून घर पाच-सहा मैल होतं. ते त्यांनी ताशी पंधरा मैलांनी नेलं, आणि काकूंनीही घाई केली नाही.